रस्ता वळला, गाव राहिलं

परदेशी जाऊन आलेल्या बाईने काय दाखवायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. उंच इमारती, मोठमोठे मॉल, जमलंच तर बर्फ. मी मात्र अमेरिकेहून परत आले ती पडक्या घरांचे, गंजलेल्या पेट्रोलपंपांचे आणि बंद शाळांचे फोटो घेऊन. आमच्या बचत गटातल्या वहिनींनी मोबाइलवर दहा-बारा फोटो सरकवले आणि सरळ विचारलं, "एवढे पैसे खर्चून ओसाड गावं बघायला गेला होतात? ती तर आपल्याकडे फुकटात बघायला मिळतात!"

बोलणं झोंबलं. पण त्यात खोटं काही नव्हतं.

झालं असं, की माझी धाकटी बहीण गेली वीस वर्षं कॅलिफोर्नियात, लॉस एंजेलिसजवळ राहते. मुलांची शिक्षणं, सासूबाईंचं आजारपण यात माझं तिच्याकडे जाणं राहूनच जात होतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत एकदाचा योग आला. तिची मुलगी कॉलेजात फोटोग्राफी शिकते. अभ्यासाचा भाग म्हणून तिला मोहावी वाळवंटातल्या ओस पडलेल्या गावांचे फोटो काढायचे होते. ती गावं एका जुन्या हायवेवर आहेत, म्हणून आईवडिलांबरोबर गाडीने तीन दिवसांचा प्रवास ठरला होता. बहीण म्हणाली, "ताई, तिकडे बघण्यासारखं काहीच नाही गं. कंटाळशील. तू इथेच आराम कर." भाची मात्र म्हणाली, "मावशी, चल ना. रूट सिक्स्टीसिक्स आहे. फेमस आहे."

सहासष्ट हा आकडा ऐकला आणि मी बॅग भरायला घेतली.

कारण आमचं गाव मुंबई-गोवा हायवेवर आहे. हा रस्ता पूर्वी १७ नंबरचा होता. २०१० मध्ये देशातल्या हायवेंचे नंबर बदलले, तेव्हापासून तो राष्ट्रीय महामार्ग ६६ झाला. याच रस्त्यावर एसटी स्टँडच्या अलीकडे आमच्या अकरा जणींच्या गटाचा पत्र्याचा स्टॉल आहे. कोकम सरबत, आगळ, कुळथाचं पीठ, फणसपोळी आणि सकाळी गरम घावणे. बरा चालला होता. मग चौपदरीकरणात गावाला बाहेरून वळसा घालणारा रस्ता झाला आणि गाड्या तिकडून जाऊ लागल्या. दोन हजारांचा दिवस चारशे-पाचशेवर आला. रस्ता वळला, बँकेचा हप्ता काही वळला नाही. अशा मनःस्थितीत मी विमानात बसले होते.

अमेरिकेतला हा ६६ नंबरचा रस्ता १९२६ च्या नोव्हेंबरात जाहीर झाला, म्हणजे २०२६ हे त्याचं शंभरावं वर्ष. शिकागोपासून आठ राज्यांतून थेट पश्चिमेच्या समुद्रापर्यंत, सुमारे ३९०० किलोमीटर. १९३० नंतरच्या दशकात तिकडे मोठा दुष्काळ पडला, धुळीची वादळं झाली. ओक्लाहोमा, टेक्सास भागातली शेतकरी कुटुंबं मोडक्या गाड्यांवर गाद्या, भांडी, मुलं लादून याच रस्त्याने कॅलिफोर्नियाकडे निघाली. जॉन स्टाइनबेक यांनी १९३९ मधल्या 'द ग्रेप्स ऑफ रॉथ' या कादंबरीत या रस्त्याला आईची उपमा दिली. तेव्हापासून त्याला 'मदर रोड' म्हणतात. युद्धानंतर दिवस पालटले. लोक सुट्टीसाठी गाड्या घेऊन बाहेर पडू लागले आणि रस्त्याच्या कडेला मोटेलं, कॅफे, पेट्रोलपंप उभे राहिले. (हे दरवाजे सगळ्यांना मात्र उघडे नव्हते. कृष्णवर्णीय प्रवाशांना कुठे खोली मिळेल, कुठे जेवण मिळेल, हे सांगणारं वेगळं पुस्तक न्यूयॉर्कच्या व्हिक्टर ग्रीन या पोस्टमनने १९३६ पासून काढलं होतं. ते जवळ ठेवूनच ती कुटुंबं प्रवास करत.) पुढे १९५६ चा कायदा आला, वेगवान इंटरस्टेट रस्ते बांधले गेले आणि एकेक गाव बाजूला पडत गेलं. १९८५ मध्ये तर ६६ हा नंबरच अधिकृत यादीतून काढून टाकला.

आम्ही पहाटे पाचला निघालो. मेहुण्यांनी डिकीत पाण्याचे मोठे कॅन ठेवले, टाकी काठोकाठ भरली आणि कागदी नकाशा घेतला. पुढे मोबाइलला रेंज नसते म्हणे. मी तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या होत्या. फेब्रुवारी म्हणून बरं. उन्हाळ्यात या वाळवंटात पारा पंचेचाळीसच्या वर जातो.

पहिला थांबा बार्स्टो. इथलं १९११ मधलं रेल्वे स्टेशन म्हणजे महालच आहे, आणि आता तिथे संग्रहालय आहे. त्यात मला सगळ्यात आवडल्या त्या 'हार्वी गर्ल्स'. फ्रेड हार्वी नावाच्या माणसाने रेल्वे स्टेशनांवर उपाहारगृहं काढली आणि १८८३ पासून तिथे वाढपी म्हणून तरुण, अविवाहित मुली नेमल्या. वर्तमानपत्रात जाहिराती देऊन. काळा झगा, पांढरा एप्रन, राहायला खोली, जेवण आणि पगार. ज्या काळात मुलीने घराबाहेर पडणंच कठीण होतं, त्या काळात या मुली हजार-दोन हजार किलोमीटर दूर वाळवंटात येऊन राहिल्या आणि घरी पैसे पाठवू लागल्या. भाचीने तिथे दोनच फोटो काढले. तिला ओसाड काहीतरी हवं होतं.

न्यूबेरी स्प्रिंग्ज मागे पडलं. इथल्या एका कॅफेत १९८७ मधला 'बगदाद कॅफे' हा दोन बायकांच्या मैत्रीचा सिनेमा चित्रित झाला. मग लडलो आलं. तिथे अजून एक कॅफे आणि पंप चालू आहे. लडलोपासून आम्ही नवा इंटरस्टेट-४० सोडून जुन्या रस्त्याला लागलो आणि पहिल्याच किलोमीटरमध्ये गाडी दणदणा आपटली. खरं सांगते, ते खड्डे पाहून मला अगदी घरी आल्यासारखं वाटलं!

दोन्ही बाजूंना करडी जमीन, खुरटी झुडपं, लांबवर डोंगर. बाजूने रेल्वेचा रूळ आणि त्यावरून संपता संपत नाही अशी मालगाडी. मेहुणे सांगत होते, की ही गावं मुळात रेल्वेचीच. १८८३ च्या सुमारास रूळ पडला. वाफेच्या इंजिनांना ठराविक अंतरावर पाणी लागायचं, म्हणून थांबे केले आणि त्यांना बाराखडीसारखी ओळीने नावं दिली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, एसेक्स, फेनर, गॉफ्स. डिझेल इंजिनं आली आणि थांब्यांची गरज संपली. तोवर मोटारी आल्या होत्या, म्हणून काही गावं तगली. मग १९७३ मध्ये इंटरस्टेट-४० चा इथला भाग सुरू झाला आणि तीही संपली.

बगदाद नावाचं गाव तर शोधूनही सापडलं नाही. १९१२ ते १९१४ या काळात इथे सलग ७६७ दिवस पाऊस पडला नव्हता, असा अमेरिकेतला विक्रम त्याच्या नावावर आहे. पावसाळ्यात शंभर-सव्वाशे इंच पाऊस झेलणाऱ्या कोकणातल्या बाईला दोन वर्षांत एक थेंब नाही ही कल्पनाच करवेना. त्या माणसांनी तेही सोसलं. गाड्या येणं बंद झालं, ते मात्र सोसता आलं नाही. उरलेल्या इमारती १९९१ मध्ये पाडून टाकल्या.

रस्त्याच्या कडेला पुराचं पाणी पुलाकडे वळवण्यासाठी मातीचे बांध घातले आहेत. त्यांच्यावर येणाऱ्याजाणाऱ्यांनी दगड मांडून आपापली नावं लिहिलीत, मैलच्या मैल. मीही खाली उतरले आणि अकरा दगड ओळीने लावले. बहीण हसली, "कुणाची नावं गं?" मी म्हटलं, "आहेत आमच्याकडची."

पुढे एका पडक्या घरापाशी आमचं वाजलं. छप्पर गेलेलं, भिंती उभ्या. मेहुण्यांनी आधीच बजावलं होतं, की पाटी असेल तर आत पाऊल टाकायचं नाही, जागा कुणाच्या तरी मालकीच्या असतात. इथे पाटी नव्हती, तरी आम्ही बाहेरूनच बघत होतो. खिडकीतून ओट्याची जागा दिसत होती. मागे कपडे वाळत घालायचे दोन लोखंडी खांब, त्यांचे हुक अजून शाबूत. दाराशेजारी, बाईच्या हाताला येईल अशा उंचीवर एक खिळा. पिशवी अडकवत असेल, नाहीतर एप्रन. मी ते बघत होते आणि भाचीने अंगणातला लहान मुलाचा एक सुकलेला बूट उचलून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला.

"काय करतेस?"

"मावशी, फोटो मस्त येतो असा."

"अगं, पण तो तिथे नव्हता."

"कुणाला कळणार आहे?"

मी सर्वेक्षणासाठी घरोघरी फिरणारी बाई. कुठल्याही दारात गेले की आधी विचारते, आत येऊ का? कुणी नाही म्हणालं तर परत फिरते. इथे विचारायला कुणी नव्हतं, आणि तेच मला खटकत होतं. मी म्हटलं, बूट होता तिथे ठेव. तिने ठेवला, पण अँबॉय येईपर्यंत गप्प होती. मग तीच म्हणाली, की याच प्रश्नावर कॉलेजात त्यांचा एक तास झाला होता. डोरोथिया लँग या बाईंनी त्याच दुष्काळाच्या काळात, १९३६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या मजुरांच्या तळावर एका आईचा फोटो काढला. मांडीवर तान्हं बाळ, खांद्याला बिलगलेली दोन मुलं, कपाळावर चिंता. जगभर गाजला. पण लँगबाईंनी तिचं नाव विचारलं नव्हतं. ते जगाला कळलं १९७८ मध्ये, बेचाळीस वर्षांनी: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन. त्या फोटोचा आपल्याला एक पैसा मिळाला नाही, ही त्यांची खंत होती. भाची म्हणाली, "पण त्या फोटोंमुळे मजुरांना मदतही मिळाली, मावशी." तेही खरंच. आमचं भांडण तिथेच अर्धवट राहिलं.

अँबॉय हे नाव मी मनात आंबोली म्हणूनच लक्षात ठेवलं होतं. आपल्या आंबोलीत पाऊस मावत नाही आणि या आंबोलीत जमिनीखालचं पाणीसुद्धा खारट, प्यायचं पाणी पूर्वी रेल्वेने यायचं. शेजारी मिठाचं कोरडं तळं आणि एक विझलेला ज्वालामुखी. इथे रॉय क्रोल यांनी १९३८ मध्ये धंदा सुरू केला. पुढे जावई बस्टर बरिस यांनी त्याचा पसारा वाढवला: मोटेल, कॅफे, पंप, गॅरेज. १९५९ मध्ये त्यांनी पन्नास फूट उंचीची पाटी उभारली. लाल-निळी, वरून खाली झेपावणाऱ्या बाणासारखी. मैलभरावरून दिसते. १९७३ नंतर गाड्या थांबल्या, म्हातारपणी बस्टरनी सगळं विकलं. २००५ मध्ये त्यांच्या पत्नी बेसी यांच्या ताब्यात गाव परत आलं. गाव म्हणजे अख्खं गाव बरं का! कोंबडीच्या हॉटेलांची साखळी चालवणाऱ्या अल्बर्ट ओकुरा यांनी ते त्यांच्याकडून सव्वाचार लाख डॉलरला घेतलं, ते जपण्याचा शब्द देऊन. ओकुरांनी २००८ मध्ये पंप सुरू केला, २०१९ मध्ये पाटीचे दिवे पुन्हा लावले. २०२३ मध्ये ते गेले.

आम्ही गेलो तेव्हा मोटेलच्या पांढऱ्या खोल्या बंदच होत्या. मागे १९९९ मध्ये बंद झालेली शाळा. काउंटरवरच्या मुलीला मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारलं, "इथेच राहतेस का?" ती म्हणाली, "छे, रोज तासभर गाडी चालवत येते." संध्याकाळी पाटीचे दिवे लागले. सगळीकडे काळोख आणि मधे तो एवढा मोठा लाल बाण. चार गाड्या थांबल्या, लोक उतरले, थंड पेयाच्या बाटल्या घेतल्या. भाची फोटो काढत होती, मी गिऱ्हाइकं मोजत होते. सवय!

पुढचा जुना रस्ता पुरात पूल वाहून गेल्याने बंद होता, म्हणून नव्या रस्त्याने नीडल्सला मुक्काम केला. सकाळी थोडं मागे येऊन गॉफ्स पाहिलं. याची गोष्ट वेगळीच. इंटरस्टेटने बाकीच्यांना बाजूला टाकलं, पण गॉफ्सला १९३१ मध्ये खुद्द रूट ६६ नेच टाकलं होतं. रस्ता सरळ करायचा म्हणून. १९१४ मधली शाळा १९३७ मध्ये बंद पडली. पुढे वाळवंटाचा इतिहास जपणाऱ्या हौशी मंडळींनी ती पुन्हा पहिल्यासारखी उभी केली. तिच्यासमोर उभी राहून मी विचार करत होते, की ६६ वर ज्यांची घरं चालली, त्यांच्यापैकी कुणाला तेव्हा गॉफ्सची आठवण झाली असेल का? आमचा हायवे झाला तेव्हा आतली कुठली पायवाट ओस पडली, हे मी तरी कधी कुणाला विचारलं?

ओटमनची गाढवं (खाणकामगारांनी सोडून दिलेल्या जनावरांचे हे वंशज गावात मोकाट फिरतात आणि गाडीच्या काचेतून तोंड आत घालतात) बघून आम्ही अ‍ॅरिझोनात सेलिगमनला पोचलो. इथेही तेच झालं होतं. २२ सप्टेंबर १९७८ ला नवा रस्ता सुरू झाला आणि एका दिवसात गाव रिकामं झालं. पण इथले न्हावी एंजल डेलगाडिलो यांनी १९८७ मध्ये मूठभर लोक जमवून संघटना काढली आणि राज्य सरकारच्या मागे लागून जुन्या रस्त्याला ऐतिहासिक म्हणून मान्यता मिळवली. नऊ वर्षं मधे गेली होती, हे लक्षात घ्या.

आता सेलिगमन भडक आहे. पुतळे, पाट्या, टोप्या, चुंबकं, जुन्या गाड्यांना लावलेले डोळे. मला काही ते देखणं वाटलं नाही. पण बसेस थांबतात, पाय म्हणजे ती फळांची गोड कचोरी खाल्ली जाते, गल्ल्यावर बायका बसलेल्या दिसतात. भाची कॅमेरा बंद करून म्हणाली, "इथे काढण्यासारखं काही नाही, मावशी."

मी म्हटलं, "माणसं आहेत ना, म्हणून."

मार्चमध्ये मी परत आले. एका रविवारी सकाळी स्टॉल उघडायला निघाले. आता आम्ही पाळीपाळीने आणि उशिराच उघडतो. बघते तर मोटरसायकलवरून आलेला एक मुलगा मोठ्या कॅमेऱ्याने आमच्या स्टॉलचा फोटो काढत होता. गंजलेलं शटर, ऊन खाऊन फिकी झालेली 'कोकम सरबत' ही अक्षरं, पत्र्यावर चढलेला वेल. मी जवळ गेले तर म्हणाला, "काकू, जरा बाजूला व्हाल का? फ्रेममध्ये येताय."

मी हातातली किल्ली दाखवली. म्हटलं, "स्टॉल माझा आहे."

बिचारा इतका ओशाळला! मग मी शटर वर केलं, त्याने दोन ग्लास सरबत घेतलं आणि फणसपोळीचं पाकीटही घेतलं. जाताना म्हणाला, "काकू, तिकडून काही कळतच नाही हो. मी तर वाट चुकून आत आलो."

त्या महिन्याच्या बैठकीत मी वहिनींना अँबॉयच्या पाटीचा फोटो पुन्हा दाखवला. या वेळी त्या हसल्या नाहीत. चौघींचं म्हणणं, स्टॉल उचलून नव्या रस्त्यावर जावं. पण तिथलं भाडं ऐकून बाकीच्या गप्प बसल्या. शेवटी फाट्यावर पाटी लावायचं ठरलं. आमच्यातल्या एकीच्या दिरांची जमीन तिथे आहे, ते लावू देतायत. परवानगीचा अर्ज दिलाय, दोनदा खेटे झाले, तिसरा होईल. पेंटरने आठ हजार सांगितलेत. बाण लाल हवा यावर सगळ्यांचं एकमत आहे. काय लिहायचं यावर मात्र तासभर वाद झाला. कोकम सरबत, घावणे, फणसपोळी, यादी लांबत चालली. मग आमच्यातल्या सगळ्यात वयस्कर काकू, ज्या बैठकीत कधी तोंड उघडत नाहीत, त्या म्हणाल्या, "ते सगळं बारीक लिहा. मोठ्या अक्षरात लिहा, बायकांसाठी स्वच्छ संडास-बाथरूम आहे. मुंबईहून निघालेली बाई सरबतासाठी नाही थांबायची, त्यासाठी थांबेल."

स्टॉलच्या मागे जुनी मोरी आहे, नळही आहे. छप्पर घालायचंय आणि दार बसवायचंय. सुतार मंगळवारी येतोय.